इयत्ता दुसरी

खाण बंद झाल्यापासून या हॉलमध्ये बिंगो होतो,
कुणाच्या लग्नानंतरचा चहा,
आणि वर्षातून दोनदा, शनिवारी, मी येते
स्टेथोस्कोप, स्टॉपवॉच, फॉर्मांची चळत घेऊन.
बाहेर ऱ्होंडाच्या उतारावर घरं
एकमेकांच्या खांद्यांना धरून उभी.
आत चपट्या नाकांची रांग.

लोवरीची मॅबली: फ्रेंच बुलडॉग,
साडेअकरा किलो, कान वटवाघळाचे,
नाकपुड्या म्हणजे दोन चिरा,
गल्ल्याला असतात तशा, नाणं जेमतेम जाईल.
"गाते ती," लोवरी म्हणते, "घरी आम्ही सोप्रानोच म्हणतो तिला."
मी हसत नाही. हसायला हवं होतं बहुधा.
कंठावर थंड चकती टेकवते.
आत कुणीतरी जड कपाट
एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकवतंय,
सावकाश, शेजाऱ्यांना कळू नये असं.

"आता पळवा तिला. चाल नको, धाव नको. दुडकी.
तीन मिनिटं."

लिनोलियमवर लोवरीचे बूट करकरतात.
खुर्च्यांना वळसा, पियानोला वळसा.
मॅबलीला वाटतं खेळ आहे;
तिला सगळंच खेळ वाटतं.
दुसऱ्या मिनिटाला स्टेथोस्कोपची गरज संपते.
चहाच्या भांड्यापाशी बायका
बोलता बोलता थांबतात.
रेडिएटरला टेकलेला लोवरीचा आजोबा
टोपी काढतो, का ते त्यालाही माहीत नसावं.

मी पुन्हा चकती टेकवते. कपाट दारात अडकलंय.

"मी ऐकू का?" एम्लिन विचारतो.
नियमात नाही. देते.
बराच वेळ ऐकतो, डोळे मिटून,
मॅबली त्याची करंगळी चाटते.
मग म्हणतो:
"कार्डिफला मला नळीत फुंकायला लावलं होतं.
डॉक्टर म्हणाला, पंधरा टक्के धूळ.
मी विचारलं, उरलेले पंच्याऐंशी कुणाचे?
तो हसला नाही. तुमच्यासारखाच."
आणि नळ्या कानांतून काढता काढता:
"हा आवाज ग्वेनला ऐकू यायचा, तीस वर्षं, रोज रात्री.
मला कधी आला नाही.
मी आतल्या बाजूला होतो."

झोपते कशी, मी विचारते.
"गोड!" लोवरी फोन पुढे करते.
"तोंडात चेंडू धरून झोपते, बघा ना,
याला किती लाइक आले."
फोटोत लाल चेंडू, मिटलेले डोळे,
उघडा राहावा म्हणून उघडा ठेवलेला जबडा.
मी सांगते चेंडू कशासाठी आहे.
एम्लिन म्हणतो, मला तीन उशा लागतात.
लोवरी फोन खिशात ठेवते,
मग पुन्हा काढते, पुन्हा बघते.

शून्य, एक, दोन, तीन.
चारच इयत्ता या शाळेत,
आणि वरच्या वर्गात जाणं वाईट.
मी लिहिते: दोन.
पिल्लं नकोत. वजन एक किलो कमी.
गळ्यातला पट्टा काढून छातीचा घाला.
सर्जनचं नाव मागच्या बाजूला आहे.
स्वॉन्झीचा नर ठरला होता, ती म्हणते,
चार पिल्लांची नावंसुद्धा ठरली होती.
नावं मी विचारत नाही.
"पण ती आनंदात आहे ना?"
हो. आहे.
त्याचा रकाना नाही.

खिडकीतून दिसतात चढावर:
लोवरी पुढे, हातात फॉर्म दुमडलेला.
मागे ती दोघं, दर विजेच्या खांबापाशी थांबत.
म्हातारा बंद दुकानाच्या काचेत
काहीतरी निरखून बघतो,
काचेत आहे फक्त 'भाड्याने देणे आहे'.
मॅबली बसते सरळ रस्त्यावर, जीभ बाहेर,
तिला निमित्त लागत नाही.

पुढचा पग. चार वर्षं.
मालक म्हणतो, ठणठणीत आहे,
फक्त घोरतो.